सी आणि डी यांच्यामधला बांध



या वसंतात आपण आम्हांस बोलावयास बोलाविले, तेव्हा विषय शोधण्याची तसदी आम्हांस पडली नाही. अलीकडे आमच्या ओटीवर येणारे स्नेही चहाचा पेला हाती घेण्यापूर्वीच एक गाऱ्हाणे सांगतात : "अहो, घरच्या संगणकातला सी भरून गेला. डी मात्र अर्धा रिकामा पडला आहे. तिकडची जागा इकडे घेता येत नाही का?" घेता येते. ती कशी घ्यावी आणि घेताना काय गमावण्याचा संभव असतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हे गाऱ्हाणे आताच का वाढावे, यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ घ्यावे तर ते किमान ६४ जीबीची तबकडी मागते. शेजारी लिनक्स बसवावे तर त्यालाही स्वतंत्र जागा हवी. तेव्हा पूर्वी कोणी आखून दिलेल्या कप्प्यांकडे आता सर्वांचे लक्ष गेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सी आणि डी ही बहुतेक घरी दोन यंत्रे नसतात. हार्ड डिस्क एकच असते. आपल्या खारपट्टीत एकाच खाजणात मध्ये बांध घालून दोन शेते करावीत, तसा हा प्रकार. बांध कोठे आहे, हे डिस्कच्या आरंभी एका छोट्या नोंदवहीत लिहिलेले असते. तो संगणकाचा सातबाराच म्हणा ना!

ही वहिवाट जुनी आहे. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी निघाला. त्याची डिस्क अवघी १० मेगाबाईटची. आजच्या फोनवरची तीन-चार छायाचित्रे घातली की ती भरावी. तरीही तिचे चारपर्यंत कप्पे करण्याची सोय होती. त्या पद्धतीतील नोंदवही केवळ ६४ बाईटांची, प्रत्येक कप्प्याला १६ बाईट. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणतः १२८ कप्प्यांची सोय असते आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटास ठेवलेली असते. पण ध्यानात घ्या, ती प्रत सातबाराची आहे, शेतातल्या पिकाची नव्हे!

बांध सरकविणे म्हणजे वहीतले दोन आकडे बदलणे, एवढेच असते तर हे व्याख्यान येथेच संपले असते. परंतु प्रत्येक कप्प्याच्या आत आपापली मांडणी असते : कोणती फाईल कोठे ठेवली आहे, याचा हिशेब. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. कप्पा लहान करावयाचा तर आधी आतले सामान अलीकडे ओढावे, मांडणी आटोपशीर करावी, आणि मग बांध आत घ्यावा. कप्पा मोठा करावयाचा तर उलट : आधी बांध बाहेर न्यावा, मग मांडणी पसरावी. उभ्या पिकातून बांध ओढला तर काय होते, हे आपणांस आम्ही सांगावयास नको.

विंडोजमध्ये २००७ सालच्या व्हिस्टापासून ही दोन्ही कामे डिस्क मॅनेजमेंट नावाच्या खिडकीतून होतात. 'श्रिंक' म्हणजे आकसणे आणि 'एक्स्टेंड' म्हणजे वाढविणे. कित्येकदा कप्पा अर्धा रिकामा असूनही तो थोडाच आकसतो. कारण काही फाईली संगणक चालू असता जागच्या हलत नाहीत. चुलीवर भांडे असताना चूल हलवता येत नाही, तसेच ते.

पण आमचे स्नेही अडतात ते दुसऱ्याच ठिकाणी. ते डी आकसतात, रिकामी जागा निघते, आणि सी वाढवावयास जावे तर 'एक्स्टेंड' ही अक्षरे फिकट दिसतात, दाबली जात नाहीत. असे का? समजा, दोन भावांची शेते लागून आहेत. धाकट्याने थोरल्यास जमीन देऊ केली, पण ती आपल्या शेताच्या पलीकडच्या टोकाची. थोरल्याच्या बांधाला ती लागतच नाही. मग त्याने ती आपल्यात घ्यावी कशी? डी आकसला की मोकळी जागा डीच्या पलीकडे निघते. सीला मात्र ती आपल्या लगत हवी असते. काही यंत्रांत या दोघांमध्ये रिकव्हरीचा एक छोटा कप्पाही ठाण मांडून बसलेला असतो.

यावर जीपार्टेडसारखी साधने उपाय करतात. ती डीची सुरुवातच पलीकडे सरकवितात. पण सुरुवात सरकविणे म्हणजे आतला सारा ऐवज उचलून नव्या जागी मांडणे. त्याला तास न् तास लागतात, आणि तेवढ्या वेळात अर्धा माल जुन्या जागी, अर्धा नव्या जागी असतो.

येथे आम्हांस स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. फजिती हा शब्दही फार हलका आहे. आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून डीमध्ये ठेविल्या होत्या. सी बिघडतो, डी सुरक्षित असतो, ही आमची समजूत. समजूत अगदीच खोटी नाही. विंडोज पुन्हा बसविताना सी पुसला तरी डी राहतो. वैशाखातल्या एका दुपारी आम्ही डीची सुरुवात सरकवावयास घेतली. दोन तास झाले आणि वीज गेली. संगणक मेजावरचा, पाठीशी यूपीएस नाही. वीज परत आली, पण डी उघडला नाही. मातोश्री त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. चाळीसच्या वर ओव्यांपैकी अकरा आज आमच्यापाशी आहेत, त्याही आमच्या पेणच्या बहिणीने दिवाळीत पेनड्राइव्हवर उतरवून नेल्या होत्या म्हणून. दोष विजेचा नव्हे. भिंत घातली म्हणजे घरे दोन होत नाहीत, हे आम्हांस कळले नव्हते. दोष आमचाच.

कसे वागावयास हवे होते, याचा धडा आम्हां अलिबागकरांच्या तर दारातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी त्यामुळे बिघडणार, हे ओळखून डॉ. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ साली येथे काम सुरू झाले. पण म्हणून कुलाब्याचे काम त्याच दिवशी थांबविले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या परस्परांशी ताडून पाहता आल्या, आणि मगच कुलाब्याच्या नोंदी थांबल्या. ट्राम विजेवर धावली ती १९०७ साली. नवे पक्के झाल्यावाचून जुने सोडावयाचे नाही! पृथ्वीच्या चुंबकत्वास जी दक्षता, ती आपल्या आईच्या आवाजास का नसावी?

तेव्हा सांगणे इतकेच. प्रथम, बांध हलविण्याची खरोखर गरज आहे का, ते पाहा. सीमधील छायाचित्रे आणि चित्रफिती डीमध्ये नेल्या, रिसायकल बिन रिकामा केला, तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. गरज असलीच, तर दोन्ही कप्प्यांतील मोलाचा ऐवज बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर उतरवा, आणि त्यातल्या चार फाईली दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. यूपीएस जोडा, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या आणि तारही लावून ठेवा. मग आमच्या मते सर्वांत सोपी वाट ही : डीची पूर्ण प्रत काढून तो पुसावा, मोकळी जागा सीच्या लगत आली की सी हवा तेवढा वाढवावा, उरलेल्या जागेत नवा डी करून त्यास तेच अक्षर द्यावे, आणि ऐवज परत आणावा. मध्ये रिकव्हरीचा कप्पा असेल तर मात्र जाणत्यास विचारल्यावाचून त्याला हात लावू नये.

आणि काम झाल्यावर ती बाहेरची प्रत पुसू नका. ती पेणला, पनवेलला, कोठेही आप्ताच्या घरी ठेवा. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण विसरलो नाही. त्या दिवशी छपरे उडाली, खांब मोडले, कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती छपराबरोबरच जावयाच्या.

खाजणातला बांध फुटला तर खारे पाणी शिरते. पण चार पावसाळे गेले की जमीन पुन्हा गोडी होते. आमच्या त्या बाकीच्या ओव्यांना असा पावसाळा नाही. आपल्या घरी अशा ज्या ओव्या असतील, त्यांची एक प्रत आज रात्रीच काढा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.