करमत नाही, हीसुद्धा तक्रार आहे

(अलिबाग येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा काहीसा संक्षिप्त मजकूर.)

मला विषय दिला होता ‘शहरात जाणाऱ्या मुलींचे प्रश्न’. असा विषय दिला की आपण लगेच नोकरी, वसतिगृह, छेडछाड यांवर बोलू लागतो. त्यावर माझ्यापेक्षा जाणकार बायका इथे समोर बसल्या आहेत. मी आज एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवर बोलणार आहे. लग्न होऊन मुंबईला गेलेली मुलगी पहिल्या दिवाळीला माहेरी येते, चुलीपुढे आईजवळ बसते आणि म्हणते, “मला तिथं करमत नाही.” आई म्हणते, “होईल सवय.” विषय संपतो. आईलाही तिच्या आईने तेच सांगितलेलं असतं.

माझं लग्न १९८१ मध्ये झालं. त्याच वर्षी १ जानेवारीला आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं. जिल्ह्याचं नाव बदललं आणि पाठोपाठ माझंही बदललं, दोघांनाही कुणी विचारलं नाही! (हशा) रेवसला लाँचमध्ये बसले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. नवरा गिरणीत. डिलाईल रोडला बी.डी.डी. चाळीत दिराची खोली होती. या चाळी सरकारने १९२० नंतरच्या काळात बांधल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आम्ही दोघं, दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि जेवायला-झोपायला गावचे तीन गिरणीकामगार. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून स्वयंपाकही तीनदा. एकाचा डबा भरावा तोवर दुसरा रात्रपाळी करून झोपायला आलेला असे, मग भांडं वाजवायचं नाही. दिवसभर मी चोरासारखी आवाज न करता वावरत असे.

माहेरी काय होतं म्हणाल, तर श्रीमंती नव्हती. भात, वाल आणि आपला सफेद कांदा. हे तुम्हांला सांगायला नको, पण कांदा काढल्यावर तो पातीसकट विणून त्याच्या माळा करायच्या हे काम बायकांचं. उन्हं कलली की आम्ही सात-आठ जणी अंगणात बसायचो. हात चालू, तोंडही चालू. कुणाची सासू, कुणाचं बाळंतपण, सगळं त्या माळेत विणलं जायचं. मग पाटी डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात. विकून आलेल्या पैशातले दोन-चार रुपये पदराच्या गाठीला. त्याचा हिशेब बाप विचारत नसे, आईही विचारत नसे.

चाळीत आल्यावर ती पदराची गाठ सुटली. त्या वेळी मला हे असं मांडता आलं नसतं. मला एवढंच कळत होतं की जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि बोलावंसं वाटत नाही. बोलायची चोरीच होती म्हणा. आपल्याकडे ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. पहिल्या आठवड्यात मी मजल्यावर ओरडून सांगितलं, “नलाला पानी आयलं!” वीस खोल्यांचा मजला हसला. पोरं महिनाभर मला तेच वाक्य ऐकवत होती. त्यानंतर मी पाणी आलं तरी सांगत नसे, हंडा घेऊन मुकाट जाऊन उभी राहत असे.

सहा महिन्यांत घरच्यांनी निदान केलं: बाहेरची बाधा. भगत आणला, उतारा काढला, अंगारा लावला. जाऊबाईंना मी दोष देत नाही. त्या स्वतः त्याच खोलीत बारा वर्षं राहत होत्या आणि त्यांना कुणी साधं “कशी आहेस” असंही विचारलेलं नव्हतं. “आम्हाला नाही झालं ते काही!” असं त्या म्हणत. त्यांचं डोकं मात्र रोज दुखायचं आणि रोज त्या गोळी घ्यायच्या. ती गोळी कशाची, हे मला फार पुढे कळलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, म्हणजे हे माझ्या एकटीचं रडगाणं वाटणार नाही. १९३१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या साडेपाचशेच्या आसपास. कोकणातल्या गावांत उलट, बायकाच जास्त. गिरण्यांना पुरुष हवा होता आणि तोही एकटा. त्याचं जेवण, आजारपण, म्हातारपण, पोरं हे सगळं गावातल्या बाईने शेती करून सांभाळायचं. त्यामुळे मजुरी कमी देऊन भागत असे. ज्या शहरात बाईला धरलेलंच नव्हतं, तिथे ती गेली तर तिची जागा कुठे? खोलीत नाही, गॅलरीत रात्री पुरुष झोपलेले, रस्त्यावर तर नाहीच. आणि वर तिनेच ‘अ‍ॅडजस्ट’ करायचं!

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. दोन-तीन महिन्यांत चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली, आम्हीही आलो. घरात पैसा नाही, नवरा चिंतेने काळा पडलेला, आणि मैत्रिणींनो, सांगायला लाज वाटते पण मी मात्र बरी झाले! कांद्याचा हंगाम होता. तिसऱ्या आठवड्यात मी पोटभर जेवत होते. गावात सगळे म्हणाले, भगताचा गुण आला. सासूने त्याला कोंबडं दिलं.

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की बाधा बाईला नसते, जागेला असते.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. गाव चांगलं आणि शहर वाईट, असं काही मला म्हणायचं नाही. दोन पावसाळे गावात काढले, तेव्हा गावही कळलं. सासरच्या जमिनीवर माझा सातबारा नव्हता, माहेरी मी पाहुणी होते. शहरात निदान भाडोत्री नळाच्या रांगेत तरी माझा हंडा नंबराने लागत होता. आम्ही परत गेलो. नवऱ्याची गिरणी त्याच्यापुरती उघडलीच नाही, तो रखवालदार झाला. शेजारी एक खानावळवाल्या मावशी होत्या. साताऱ्याच्या, नवऱ्याने टाकलेल्या. गिरणगावात अशा शेकडो बायका कामगारांना जेवण घालून जगत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठीच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते तुम्हांला ठाऊक आहे. संपात या बायकांचं उधार बुडालं ते बुडालंच, त्याचा हिशेब संपाच्या इतिहासात फारसा कुणी मांडत नाही. तर त्या मावशी मला म्हणाल्या, “तुला भूत नाही लागलं गं, तुझ्या हातातलं काम गेलंय.” पुढच्या उन्हाळ्यात मी गावाहून लाँचने कांद्याच्या माळा आणल्या आणि लालबागच्या बाजारात बसून विकल्या. पहिल्या दिवशी तोंडातून आवाज फुटेना. मग फुटला, आणि तो ‘कांदं घ्या’ असाच, आपल्या बोलीतला फुटला. गिऱ्हाइकाला भाषेशी काही देणंघेणं नव्हतं, कांदा गोड होता.

आता मला जे खरं सांगायचं आहे, त्याकडे येते. पुढे मी संघटनेत आले, शिबिरं केली, सल्ला केंद्रात बसू लागले. १९९४ च्या सुमारास श्रीवर्धनकडची एक मुलगी केंद्रात आली. बावीस-तेवीस वर्षांची, उपनगरात दिलेली. आमचा छापील अर्ज होता. मारहाण होते का? नाही. हुंड्याची मागणी? नाही. नवरा दारू पितो? बाहेर संबंध? नाही, नाही. “मग तुझी तक्रार काय?” ती म्हणाली, “करमत नाही.” आम्ही तिघी टेबलाशी होतो. त्यांतली एक हसली. ती मी होते की दुसरी कुणी, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. ज्या बाईला मजला हसला होता, तीच ही! आम्ही तिला शिवणाच्या वर्गाचा पत्ता दिला, “मन रमव” म्हटलं आणि बाहेर बसलेल्या पुढच्या बाईला हाक मारली. तिचं डोकं फुटलेलं होतं. त्यामुळे आमचं बरोबरच होतं, असं आम्हाला वाटलं.

वर्षभराने तिच्या आईचं पत्र आलं. सासरच्यांनी मुलीला डॉक्टरकडे नेऊन चिठ्ठी आणली होती, आणि ‘डोक्यावर परिणाम झालेली मुलगी फसवून दिली’ म्हणून माहेरी आणून सोडलं होतं. कोर्टाची नोटीस आली होती. आई विचारत होती, तुमच्या केंद्रात ती आली होती, तेव्हा ती शहाणी होती असं लिहून द्याल का? आम्ही वही काढली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘विशेष तक्रार नाही.’

म्हणून कायद्याचं थोडं सांगते, वहीत लिहून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. तो विकार इतका तीव्र आहे की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येणार नाही, हे सिद्ध व्हावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम आणखी पुढे जातं. समाजाच्या चालीरीतींशी कुणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्या व्यक्तीला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि आजाराचं निदान झालं तरी कोर्टाने ठरवल्याशिवाय ती व्यक्ती ‘वेडी’ ठरत नाही. हे कलम आमच्या हातात १९९४ मध्ये असतं तर, असं मला वाटून जातं. आणि खरंच झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर डॉक्टर हवाच. त्यात कमीपणा नाही. १४४१६ हा सरकारी टेली-मानस दूरध्वनी आहे, मराठीतून बोलता येतं. मात्र डॉक्टरकडे ती मुलगी आपल्या पायांनी जावी, सासऱ्याच्या मुठीत दंड देऊन नव्हे.

तुम्हांला वाटेल, हे मुंबईला गेलेल्यांचं झालं, आमचं काय? तर उरणच्या मैत्रिणींना विचारा. त्या कुठेच गेल्या नाहीत, शहरच त्यांच्या दारात आलं. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण मेले, त्यांची नावं आपण दरवर्षी घेतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवून हनुमान कोळीवाड्यात बसवला, तिथल्या घरांना वाळवी लागली, ते भांडण कितीतरी वर्षं चाललं. मिठागरावर जाणारी, खाडीत बोय-निवट्या धरणारी बाई मोबदल्याच्या कागदावर कुठेच नव्हती. तिच्या तोंडी तेच वाक्य आहे, “पैसा आला, पण करमत नाय.” आता तर अटल सेतू झाला (२०२४), मांडव्याला गाड्या घेऊन रो-रो येते. शहर आणखी जवळ येणार आहे.

मुली आता नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला, पनवेलच्या बाराव्या मजल्यावर जातात. हातात मोबाईल असतो. रोज आईला दिसते, हसते, “बरं आहे” म्हणते. जाऊ नाही, मजला नाही, हसणारंही कुणी नाही. दार बंद केलं की झालं. आमच्या वेळी निदान भगत तरी यायचा! (हशा)

मी फार मोठा कार्यक्रम घेऊन आलेली नाही. गावातली मुलगी शहरात दिली, तर मंडळाने तिचा पत्ता लिहून ठेवावा आणि त्या भागातल्या एखाद्या बाईला तिच्या घरी धाडावं. सल्ला केंद्रांनी अर्जात एक ओळ वाढवावी. आमच्याकडे ती आहे: ‘स्वतःचे पैसे, स्वतःचं काम, स्वतःची माणसं यांतलं काय सुटलं?’ आणि मारहाण नसली तरी बाई आली होती, काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत तारखेसह लिहा. तो कागद पुढे तिच्या कामी येतो.

त्या मुलीबद्दल तुम्ही विचाराल. आम्ही आमच्या परीने जबाब लिहून दिला, पण उशीर झाला होता, निकाल तिच्या विरुद्ध गेला. ती श्रीवर्धनलाच आहे, सुपाऱ्या सोलायला जाते, भावाच्या घराशेजारी पडवी बांधून राहते. आज इथे येण्याआधी मी तिला निरोप पाठवला होता, तुझं सांगू का म्हणून. तिने उलट निरोप दिला, “सांगा. नाव घेऊ नका. आणि मला वेड लागलेलं नव्हतं, तेवढं नक्की सांगा.”