छिंगमिंग: पूर्वजांच्या समाध्यांचा दिवस

बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये 2018 साली किट्टय्या नावाच्या योद्ध्याचा वीरगळ उजेडात आला. सुमारे इसवी सन 750 चा. गेलेल्याचं स्मरण जपण्याची ही आपली रीत. चीनमध्ये याच भावनेचा सण आहे, छिंगमिंग. तो दरवर्षी 4 किंवा 5 एप्रिलच्या सुमारास येतो. कुटुंबं पूर्वजांच्या समाध्यांवर जातात. वाढलेलं गवत काढतात, समाधी झाडतात, जेवण आणि मद्य ठेवतात, उदबत्ती लावतात, कागदी नोटा जाळतात आणि वाकून नमस्कार करतात. आपल्या पितृपक्षासारखंच, पण वसंतात. म्हणून मुलं पतंगही उडवतात!

या सणाला एक मराठी माणूसही आठवला जातो, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीतल्या त्यांच्या समाधीवर छिंगमिंगला लोक फुलं वाहतात. सोलापुरातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.