गलबते निघाली त्याआधी

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सिव्हिलची पदविका घेऊन गोवा सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. पण मुलीचा अभ्यास घेताना प्रश्न आला: युरोपीय लोक सागरी सफरींना का निघाले? तिचे पाठ उत्तर होते, ‘१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापाराचा मार्ग बंद झाला, म्हणून.’ मीही शाळेत हेच लिहून मार्क मिळवले होते.

पण तारखा जुळवून पाहा. पोर्तुगालने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे स्यूटा घेतले १४१५ साली. त्यांचा एक खलाशी बोजादोरचे भूशिर ओलांडून परतला १४३४ साली. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याआधीच सुरुवात झाली होती. आणि १४५३ नंतरही मिरी अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला पोचतच होती. मधल्या दलालांमुळे महाग पडे, एवढेच.

मग बदलले काय? चौदाव्या शतकात प्लेगने युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे नेली. मजूर मिळेनात, मजुरी वाढली, जमीनदारांची पकड सैल झाली. जेनोवा, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी भागीदारी, हुंडी आणि जहाजाचा विमा रूढ केला; एकाचा धोका दहा जणांत वाटला जाऊ लागला. होकायंत्र मूळचे चीनचे. ताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र ग्रीकांचे, अरबांनी सुधारलेले. हे सगळे त्यांनी बिनदिक्कत उचलले.

त्याच सुमारास टॉलेमीचा जुना भूगोल लॅटिनमध्ये आला, पुढे छापलाही गेला. त्यात हिंदी महासागर जमिनीने वेढलेला दाखवला होता. ग्रंथाचा मान राखूनही या लोकांनी तो तपासला. दर गलबत थोडे पुढे जाई, वारे आणि किनारा नोंदवून परत येई, पुढचे गलबत तिथून पुढे. १४८८ साली बार्तोलोमेऊ दियाश आफ्रिकेचे दक्षिण टोक वळून आला आणि नकाशा दुरुस्त झाला. आम्ही कामावर मोजमापाची वही ठेवतो, तसलाच हा प्रकार!

या वहीचे दुसरे पानही वाचले पाहिजे. १४४४ साली लागोश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसे वाटून घेतली गेली. हा आकडा पोर्तुगालच्याच बखरकाराने लिहून ठेवला आहे. मोजायला शिकलेला माणूस न्यायाने वागेलच असे नाही.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला. मालिंदीहून पुढची वाट त्याला तिथे मिळालेल्या वाटाड्याने दाखवली, कारण आपल्या आणि अरब व्यापाऱ्यांना ती शतकानुशतके ठाऊक होती. त्याच्यासोबत निघालेल्यांपैकी निम्मेही घरी परतले नाहीत. तरी बारा वर्षांत, १५१० साली, गोवा त्यांच्या हाती गेला आणि १९६१ पर्यंत राहिला.

आपल्या साडेचारशे वर्षांचे कारण ‘तुर्कांनी वाट अडवली’ एवढ्यावर सोडले, तर समोरच्याची पाऊणशे वर्षांची तयारी आपल्याला दिसतच नाही. मुलीला मी सांगितले, परीक्षेत पुस्तकातले उत्तर लिही, मार्क घे; पण घरच्या वहीत हेही लिहून ठेव.