चाक बदलल्यावर लागलेला दिवा

इंदूरहून आग्रा-मुंबई मार्गाने निघालेली मोटार मानपूरनंतर माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरू लागते. त्या उतारावर प्रवाशांचा भरवसा चार चाकांतील हवेवर असतो. निघण्यापूर्वी चाके बदलली आणि चालकासमोर हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागला, तर ती नव्या चाकांची खोड समजून स्वस्थ बसणे उचित नव्हे.

या दिव्यामागे दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक चाकाच्या आत दाब मोजणारे लहानसे यंत्र असून ते बिनतारी संदेश पाठविते. नव्या चाकात ते बसविलेच नसेल, तर पुष्कळ गाड्यांत दिवा प्रथम मिनिटभर लुकलुकतो व नंतर स्थिर राहतो. दुसरीत ब्रेकच्या यंत्रणेतून चाकांचे फेरे मोजले जातात. हवा उतरलेले चाक किंचित लहान होऊन अधिक फेरे घेते.

या दुसऱ्या पद्धतीत चाके बदलल्यावर यंत्रास योग्य दाबाची ओळख नव्याने करून द्यावी लागते. धोका येथेच आहे. हवा कमी असताना ही ओळख करून दिली, तर यंत्र तोच दाब योग्य मानते; पहारेकरी जागा राहतो, पण आंधळा होतो. म्हणून प्रथम थंड चाकांची हवा मापकाने पाहावी, दाराजवळच्या पट्टीवरील आकड्याइतकी भरावी आणि मगच यंत्राची कळ दाबावी.

२०२० च्या नियमदुरुस्तीने ही यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. जिथे स्टेपनीच नाही, तिथे दिव्याचा इशारा हाच पहिला आधार होय.