एका यंत्रांत अनेक डाव

बुद्धिबळाचा पट मांडून दोन माणसें समोरासमोर बसलेलीं सर्वांनींच पाहिलीं असतील. परंतु ज्या पटाभोंवतीं एकही माणूस नाहीं, दोन्ही बाजूंच्या खेळ्या यंत्रच करीत आहे, आणि असे सोळा डाव एकाच पेटींत एकाच वेळीं चालू आहेत, हें दृश्य तितकें परिचयाचें नाहीं. वास्तविक ‘दृश्य’ हा शब्दहि येथें शोभत नाहीं. कारण पाहण्यासारखें तेथें कांहींच नसतें. पंख्याची घरघर आणि पडद्यावर सरकणारे आंकडे, इतकेंच काय तें. या यांत्रिक खेळाडूंना अलीकडे ‘बॉट’ असें म्हणतात. असे पुष्कळ बॉट एकदम चालवावयाचे असतील तर संगणकाचा प्रोसेसर कोणता घ्यावा, आणि रुपयाला रुपयाचें काम कोणत्या प्रोसेसरांत मिळतें, हा प्रश्न घराघरांतून निघूं लागला आहे. प्रश्न मुलगा काढतो आणि पैसे वडिलांना मोजावयाचे असतात. म्हणून त्याचा नीट हिशेब झालेला बरा.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढून ठेवावयास हवी. दुसऱ्यांच्या खेळांत, जेथें समोर माणसें मनोरंजनासाठीं आलेलीं असतात तेथें, नांव बदलून बॉट सोडणें ही उघड फसवणूक होय. त्यासाठीं स्वस्त प्रोसेसर कोणता, या चौकशीला येथें स्थान नाहीं. प्रस्तुत विचार आहे तो बॉटानें बॉटाशीं, सर्वांच्या माहितीनें, खेळावयाच्या डावांचा.

1997 सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें आय.बी.एम. कंपनीच्या ‘डीप ब्लू’ या यंत्रानें जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याचा साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं पराभव केला. त्या यंत्रांत केवळ बुद्धिबळासाठींच घडविलेल्या 480 चिपा होत्या, आणि तें दर सेकंदाला सुमारें 20 कोटी स्थिती तपाशीत असे. एवढी सारी खटपट एका वेळीं एक डाव खेळण्यासाठीं होती. आज प्रश्न उलटा झाला आहे. कास्पारॉव्हला सहज हरवील असा कार्यक्रम फुकट मिळतो. अडचण आहे ती हजारों डाव लवकर उरकण्याची.

इतके डाव हवेत कशाला, अशी शंका कोणीहि घेईल. ‘स्टॉकफिश’ नांवाचा कार्यक्रम नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टॅड यांच्या एका जुन्या कार्यक्रमावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनीं 2008 सालीं सिद्ध केला. नॉर्वेंत वाळविलेला मासा इटलींत शिजवून खातात, त्यावरून हें नांव पडलें. कोंकणांतल्या श्रोत्याला सुक्या बोंबलांची आठवण झाली तर नवल नाहीं. या कार्यक्रमाची एखादी ओळ बदलली तर तो अधिक चांगला खेळतो कीं वाईट, हें ठरवावयाचें कसें? एखाद्या नामांकित बुद्धिबळपटूला विचारून उपयोग नाहीं; कारण कार्यक्रम त्याच्याहून कितीतरी बलवान झालेला आहे. तेव्हां उपाय एकच राहतो. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती एकमेकींशीं झुंजवावयाची व निकाल मोजावयाचे.

येथें खरी मेख आहे. सुधारणा बहुधा फार बारीक असते. समजा, ती दोन एलो गुणांची आहे. म्हणजे शंभर डावांत 50 गुणांऐवजीं नवी आवृत्ती सुमारें 50.3 गुण मिळविणार! शंभर किंवा हजार डावांत हा फरक दैवाच्या हेलकाव्यांत बुडून जातो. तो विश्वासानें दिसावयाचा तर पन्नास-साठ हजार डाव लागतात. प्रत्येक बाजूला 10 सेकंद आणि दर खेळीमागें सेकंदाचा दहावा भाग, अशा झटपट घड्याळानें खेळविलें तरी एका डावाला अर्धा मिनिट जातो. साठ हजार डाव म्हणजे 500 तास, अर्थात् जवळजवळ 21 दिवस. तेच सोळा डाव एकदम चालले तर काम साधारण 31 तासांत आटोपतें. तीन आठवडे आणि दीड दिवस, हा तो फरक. शिवाय घाईनें थोड्या डावांवर निर्णय दिला आणि तो चुकला, तर वाईट ओळ कार्यक्रमांत कायम होते आणि पुढच्या कित्येक लोकांचे श्रम त्या चुकीच्या पायावर उभे राहतात. याच कारणानें 2013 सालीं गॅरी लिन्स्कॉट यांनीं ‘फिशटेस्ट’ ही व्यवस्था सुरू केली. जगांतले हौशी लोक आपापल्या घरचा संगणक तिला जोडून देतात आणि वीजहि स्वतःच्या पदरची जाळतात. डाव केव्हां थांबवावे हें ठरविण्यासाठीं आब्राहाम वॉल्ड यांची क्रमशः परीक्षेची रीत वापरतात. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत युद्धसाहित्याच्या तपासणीसाठीं उपयोगी पडली होती.

आतां प्रोसेसराकडे वळावें. प्रोसेसरांत हल्लीं अनेक कोअर असतात. कोअर म्हणजे स्वतंत्रपणें काम करणारा एकेक गाभा. प्रतिपक्षाची वेळ चालू असतां मनांत कांहीं योजावयाचें नाहीं, असा या परीक्षेंत नियम असतो. म्हणून दोन खेळाडूंपैकीं एका क्षणीं एकच विचार करतो, आणि एका डावाला एक कोअर पुरतो. डावांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. अशा कामांत एका गाभ्याच्या अतिशय वेगापेक्षां गाभ्यांची संख्या मोलाची ठरते.

याचें चांगलें उदाहरण 2017 सालीं बाजारांतच मांडलें गेलें. जानेवारींत इंटेल कंपनीचा ‘कोअर आय-7 7700-के’ आला: चार कोअर, 4.2 गीगाहर्ट्झ, किंमत 339 डॉलर. मार्चमध्यें ए.एम.डी. कंपनीचा ‘रायझन 7 1700’ आला: आठ कोअर, 3 गीगाहर्ट्झ, किंमत 329 डॉलर. एकच डाव खेळवावयाचा तर पहिला सरळ सरस. परंतु सगळे कोअर भरून काढावयाचे म्हटलें कीं चार गुणिले 4.2 म्हणजे 16.8, आणि आठ गुणिले 3 म्हणजे 24. दहा डॉलर कमी देऊन काम अधिक! हा गुणाकार अर्थात् ढोबळ आहे. दोन कंपन्यांच्या यंत्रांत एका ठोक्यांत होणारें काम सारखें नसतें, आणि दोन्ही प्रोसेसर प्रसंगीं छापील वेगाहून जोरानें धांवतात. तरी निकालाची दिशा या आंकड्यांनीं बरोबर दाखविली आहे.

त्याच आठ कोअरांना जाहिरातींत ‘सोळा थ्रेड’ म्हटलेलें असतें, आणि पुष्कळांची फसगत येथेंच होते. थ्रेड म्हणजे दुसरा कोअर नव्हे. जुन्या स्वयंपाकघरांतली चूल आणि वैल ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें लगेच उमगेल. चुलीचा उरलेला जाळ वैलाकडे जातो आणि तेथें आमटी गरम राहते. पण वैल आहे म्हणून लांकडें दुप्पट झालीं नाहींत. एका कोअरवर दोन डाव चढविले तर दोहोंचें मिळून काम कांहींसें वाढतें, दुप्पट मात्र होत नाहीं, आणि प्रत्येक डाव वेगळेपणीं मंदावतो. किंमत ठरवितांना थ्रेड मोजणारा गृहस्थ वैलाला चुलीचा भाव देत असतो.

दुसरा मोह जुन्या मालाचा. इंटेलचा ‘झीऑन ई-5 2670’ हा आठ कोअरांचा प्रोसेसर 2012 सालीं निघाला तेव्हां त्याची किंमत सुमारें 1,550 डॉलर होती. मोठ्या कंपन्यांनीं आपलीं यंत्रें बदललीं तेव्हां, 2016 च्या सुमारास, हे प्रोसेसर जुन्या बाजारांत मूळ किंमतीच्या अगदीं लहान अंशाला मिळूं लागले. दोन घेतले कीं सोळा खरे कोअर! पण प्रत्येकाची विजेची मर्यादा 115 वॅट. दोन प्रोसेसर अहोरात्र भरून चालविले तर दिवसाला साडेपांच युनिटें, महिन्याला सुमारें 165 युनिटें केवळ त्यांच्याकडेच जातात. हत्ती स्वस्त मिळाला, पण चारा रोजचा. दोन-चार महिन्यांचें काम असेल तर हा सौदा पुरवतो; वर्षानुवर्षें चालवावयाचें असेल तर विजेचें बिल खरेदीची सारी बचत गिळून टाकतें.

त्यांतहि 2020 सालीं एक वेगळीच गोष्ट घडली. जपानी बुद्धिबळांत, ज्याला शोगी म्हणतात, यू नासु यांनीं 2018 सालीं स्थितीचें मूल्य ठरविणारें एक लहानसें कृत्रिम मज्जाजाल योजिलें होतें. तें 2020 च्या ऑगस्टांत स्टॉकफिशमध्यें घेतलें गेलें आणि कार्यक्रमाचें बळ एकदम वाढलें. हें जाल सर्वसाधारण प्रोसेसरावरच चालतें. मात्र एकाच आज्ञेंत पुष्कळ आंकड्यांवर क्रिया करण्याची सोय प्रोसेसरांत असली तर तें फार जलद चालतें. ‘ए-व्ही-एक्स-टू’ नांवाची ही सोय इंटेलनें 2013 पासून दिली; 2012 च्या त्या झीऑनांत ती नाहीं. कोअर तितकेच राहिले, विजेचा खर्चहि तोच राहिला, आणि कामाचा भाव मात्र एका रात्रींत उतरला. पहिल्या रायझनांत ही सोय होती, पण अर्ध्या रुंदीची; पूर्ण रुंदीची 2019 च्या पिढींत आली. शिवाय बिटांची निवड करणारी एक विशिष्ट आज्ञा रायझनांत 2020 च्या पिढीपर्यंत इतकी मंद होती कीं, तिचा उपयोग करणारी स्टॉकफिशची प्रत त्या यंत्रांवर न वापरणेंच हिताचें होतें. फुकट मिळणाऱ्या दोन प्रतींतली योग्य ती निवडणें, यांतहि प्रोसेसराची किंमत वसूल होत असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

तेव्हां तुलना कशानें करावी? जाहिरातींतला वेग सोडून द्यावा. सगळे कोअर भरलेले असतां तासाला किती डाव पुरे होतात, हा आंकडा घ्यावा. त्याला खरेदीची किंमत आणि वापराच्या काळांतली वीज यांच्या बेरजेनें भागावें. फिशटेस्टमध्यें तर प्रत्येक यंत्राचा वेग आधीं मोजतात आणि मंद यंत्राच्या डावांना घड्याळांत अधिक वेळ देतात. त्यामुळें गरिबाच्या घरच्या जुन्या यंत्रावरचा डावहि श्रीमंताच्या यंत्रावरच्या डावाइतकाच ग्राह्य ठरतो. फक्त तासाला डाव कमी निघतात. हा न्याय फार सुंदर आहे. मात्र यंत्राच्या शक्तीबाहेर डाव चढविले कीं तो बिघडतो. कोअरांपेक्षां डाव अधिक झाले तर खेळाडूची पाळी येऊनहि त्याला कोअर मिळत नाहीं, घड्याळ चालूच राहतें, आणि जिंकत आलेला डाव वेळ संपून हरतो. असे निकाल टिपणें म्हणजे वजनकांट्यावर बोट ठेवून माल मोजणें. 2021 सालीं इंटेलनें थोर आणि लहान असे दोन तऱ्हेचे कोअर एकाच प्रोसेसरांत घातले, तेव्हांपासून आणखी एक पेंच आला. एका खेळाडूच्या वांट्याला थोर कोअर आणि दुसऱ्याच्या वांट्याला लहान, असें झालें तर ती परीक्षा कसली?

असाच वाद मोठ्या प्रमाणावर 2017 च्या डिसेंबरांत झाला. ‘अल्फाझीरो’नें स्टॉकफिशशीं शंभर डाव खेळून 28 जिंकले, 72 बरोबरींत सोडविले आणि एकही गमावला नाहीं. पण एका बाजूला गूगलच्या खास घडविलेल्या चार चिपा आणि दुसऱ्या बाजूला 64 थ्रेड व एक गीगाबाइट स्मृति, ही जोड सारखी आहे काय, असा आक्षेप निघाला. 2018 मध्यें हजार डावांचा नवा सामना प्रसिद्ध झाला, त्यांत स्टॉकफिशला अधिक स्मृति दिलेली होती. अल्फाझीरोनें 155 जिंकले, 6 गमावले. निकाल टिकला, तरी आक्षेप घेणाऱ्यांनीं चूक केली असें म्हणवत नाहीं. अल्फाझीरोला शिकविण्यासाठीं मुळांत 5,000 चिपा स्वतःशींच डाव खेळण्याच्या कामीं लावल्या होत्या. घरगुती हिशेबांत हें बसणारें नव्हे.

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं 2025 च्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकल्यावर, आपल्या मुलालाहि सोळा कोअरांचें यंत्र घेऊन द्यावें असें एखाद्या पालकाला वाटलें तर तें समजण्यासारखें आहे. पण खेळायला शिकणाऱ्या मुलाचें काम निराळें. त्याला आपल्याच डावांतली एक स्थिती तपासावयाची असते, आणि तेवढ्यापुरतें बळ खिशांतल्या फोनमध्येंहि आहे. जो मुलगा स्वतः कार्यक्रम लिहितो, त्यांत बदल करतो आणि त्या बदलाची परीक्षा घेऊं पाहतो, त्यालाच अनेक कोअर लागतात. त्याच्यासाठीं खर्च करावा, आणि त्यांतला एक वांटा चांगल्या पंख्यासाठीं राखून ठेवावा. वैशाखांत विदर्भांतल्या दुपारीं तापलेला प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं आपोआप मंद होतो, आणि सकाळीं मोजलेला वेग दुपारीं खरा राहत नाहीं. त्या दिवसांत दुपारीं डाव थोडे ठेवून रात्रीं सगळे कोअर भरावे.