आठ मात्रांचा टँगो

मी बंगळुरूच्या शिवाजीनगरमधून बोलतोय. बत्तीस वर्षं फौजेत काढली. संगीत शिकलेलो नाही. पण परेडमुळे ताल पायात बसतो. त्या जोरावर आज एका रचनेबद्दल सांगणार आहे.

तिचं नाव 'लिबरटँगो'. संगीतकार अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला. १९७४ साली मिलानमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. 'लिबर्ताद' म्हणजे स्वातंत्र्य. त्याला टँगो जोडून हे नाव झालं.

आधी टाळ्या वाजवू. केरव्याच्या आठ मात्रा धरा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या मात्रेला टाळी द्या. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. आता याच टाळ्या देत चालून बघा, पाय अडखळतील. मात्रा मात्र आठच आहेत, एकही कमी-जास्त नाही. या रचनेचा कणा तोच.

पियाझोलांचं बालपण न्यूयॉर्कमध्ये गेलं. तिथे जॅझ कानावर पडलं, बाखही भेटला. १९५४ मध्ये ते पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकायला गेले. टँगो वाजवतो हे सांगायची त्यांना लाज वाटे. बाईंनी त्यांच्या शास्त्रीय रचना पाहिल्या आणि विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? मग त्यांच्याकडून टँगो वाजवून घेतला आणि म्हणाल्या, हेच तुमचं, हे सोडू नका. परत येऊन त्यांनी आठ वादकांचा संच काढला आणि त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार घेतली. जुने रसिक खवळले. हा टँगोच नव्हे, म्हणाले.

गंमत अशी की ज्या बँडोनियनवर टँगोवाल्यांचा एवढा जीव, ते वाद्य मूळचं जर्मनीचं. भात्याची हवा, थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. म्हणजे आपल्या पेटीचं भावंडच. पेटीही युरोपातूनच आली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ती मराठी केली. तरी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं. आज पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पना करून बघा!

हे सगळं सांगण्याचं कारण आमच्या घरातच आहे. शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास, तमिळ, उर्दू, कन्नड सारखी कानावर पडते. आमची नातवंडं मराठी वाक्यात कन्नड शब्द घालतात, इंग्रजी तर असतेच. ज्येष्ठ मंडळी हळहळतात, भाषा बाटली म्हणतात. मी त्यांना बूलांजेबाईंचाच प्रश्न विचारतो. यात आपलं काय उरलं? क्रियापद मराठी आहे ना? आजीशी बोलताना 'अगं आजी' येतं ना? मग आवर्तन शाबूत आहे. टाळी कुठे द्यायची ते पोरांना ठरवू द्या. मात्र घरात मराठी बोललीच गेली नाही, तर मिसळायलाही काही उरणार नाही. ती काळजी घेणं आपलं काम.

आज रात्री 'लिबरटँगो' जरूर ऐका. आधी खालचा ठेका धरा, मग वरची चाल. जय हिंद!