मध्यरात्रीचा संधिप्रकाश

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस संध्याकाळ म्हणजे घटकाभराची पाहुणी. देवापुढें दिवा लागतो न लागतो तोंच पश्चिमेची लाली ओसरूं लागते, आणि ऐन जून महिन्यांतही सूर्यास्तानंतर दीड तासाच्या आंत पूर्ण काळोख होतो. सूर्य क्षितिजाखालीं १८ अंश गेला, म्हणजे संधिप्रकाश संपला असें ज्योतिर्विद मानतात. आणि महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खालीं उतरत असल्यामुळें हें अंतर तो लवकर काटतो.

उत्तर युरोपांत हा हिशेब निराळा आहे. तेथें उन्हाळ्यांत सूर्य तिरकस वाटेनें मावळतो. जूनच्या अखेरीस मध्यरात्रीं तो लंडन येथें क्षितिजाखालीं सुमारें १५ अंश, तर सेंट पीटर्सबर्ग येथें ७ अंशांहूनही कमी असतो. सेंट पीटर्सबर्गच्या शुभ्र रात्रींची ख्याति आहे ती यामुळेंच. आणि लंडनकरांसही उत्तर क्षितिजाशीं रात्रभर रेंगाळणारा फिकट उजेड परिचयाचा असतो.

परंतु ३० जून १९०८ च्या रात्रीं जें दिसलें, तें त्यांनाही अपरिचित होतें. उत्तरेचें आकाश गुलाबी व पिवळसर तेजानें भरून गेलें. मध्यरात्रीं उघड्यावर दिव्यावांचून छापील अक्षरें वाचतां येत होतीं. कित्येकांनीं त्या उजेडांत छायाचित्रेंही घेतलीं. कोणास दूर कोठें मोठी आग लागली असावी असें वाटलें, कोणी ध्रुवप्रकाशाचा तर्क केला. लंडनच्या वर्तमानपत्रांकडे विचारणा करणारीं पत्रें गेलीं. पुढें कांहीं रात्रीं हें तेज टिकलें आणि मंदावत नाहींसें झालें. खुलासा मात्र कोणाजवळच नव्हता.

त्याच दिवशीं सकाळीं, स्थानिक वेळेप्रमाणें सातच्या सुमारास, सैबेरियांतील पोडकामेन्नाया तुंगुस्का नदीच्या परिसरांत आकाशांतून एक प्रचंड अग्निगोल आला व जमिनीपासून कांहीं किलोमीटर उंचीवरच फुटला. सुमारें ६५ किलोमीटर दूर असलेल्या वानावारा या ठाण्यावरील माणसेंही त्या धक्क्यानें कोलमडलीं. दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशांतील अरण्य आडवें झालें. तो भाग इतका दुर्गम, कीं लिओनीद कुलिक हा रशियन संशोधक तेथें पोंचावयास १९२७ साल उजाडलें. त्यास विवर सांपडलें नाहीं. सांपडलीं तीं मैलोगणती केंद्रापासून बाहेरच्या बाजूस निजलेलीं झाडें, आणि मध्यभागीं फांद्या झडून तारायंत्राच्या खांबांसारखे उभे राहिलेले बुंधे. इंग्लंडांतील वायुभारमापक यंत्रांवर त्या स्फोटाची लाट १९०८ सालींच उमटली होती. पण तिचा अर्थ १९३० सालीं उकलला.

तुंगुस्काहून लंडन पांच हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मग तेथला प्रसंग एका दिवसाच्या आंत लंडनचें आकाश कसा उजळूं शकला? या प्रश्नाचा धागा रात्रीं चमकणाऱ्या मेघांपर्यंत जातो. क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट १८८३ सालीं झाला, आणि १८८५ च्या उन्हाळ्यांत युरोपांतील निरीक्षकांनीं हे रुपेरी-निळे मेघ प्रथम नोंदले. ओटो येस्से या जर्मन ज्योतिर्विदानें निरनिराळ्या ठिकाणांहून छायाचित्रें घेऊन त्यांची उंची सुमारें ८२ किलोमीटर ठरविली. पावसाचे ढग पंधरा-सोळा किलोमीटरांच्या वर क्वचितच जातात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या उंचीचें नवल कळतें. भूमीवर रात्र झाली तरी तेथें ऊन असतें. त्या उन्हांत हे मेघ तळपतात. ते बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे असतात. उन्हाळ्यांत त्या थराचें तपमान शून्याखालीं १२० अंश सेल्सियसच्याही खालीं उतरतें, आणि उल्कांच्या धुळीभोंवतीं बाष्प गोठतें.

१९०८ च्या प्रकाशाविषयीं दोन मतें आहेत. एका मतानें स्फोटाची धूळच उंच वातावरणांत पसरली व तिनें सूर्यप्रकाश परावर्तित केला. दुसऱ्या मतानें आलेली वस्तु हिममय धूमकेतु होती, व तिच्या पाण्याचेच मेघ झाले. २००९ सालीं अमेरिकन संशोधकांनीं या दुसऱ्या मतास एक आधार दिला: अंतराळयानांच्या धुरांतील बाष्प एक-दोन दिवसांत ध्रुवप्रदेशाकडे जाऊन असेच मेघ निर्माण करतें, असें आढळलें होतें. उलट, ती वस्तु सुमारें ५० ते ६० मीटर व्यासाचा खडकाळ लघुग्रह असावी, असें मानणारेही पुष्कळ आहेत. वाद मिटलेला नाहीं. आणि युरोपवरील तो उजेड आजही त्यांतील एक साक्षीदार आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. सेंट पीटर्सबर्ग जवळजवळ तुंगुस्काच्याच अक्षांशावर आहे. तीच वस्तु पावणेपांच तास उशिरां आली असती, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळें ओसाड अरण्याच्या जागीं ती राजधानी आली असती. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर याहून पुष्कळच लहान वस्तु फुटली, तरी मुख्यतः फुटक्या कांचांनीं सुमारें १५०० माणसें जखमी झालीं. तिचीही पूर्वसूचना कोणास मिळाली नव्हती. म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं ३० जून हा दिवस २०१६ सालीं लघुग्रहांच्या धोक्याची जाणीव देण्यासाठीं नेमून दिला. येणारी वस्तु हिमाची कीं खडकाची, हें आधीं कळलें तरच तिला वळविण्याचा उपाय ठरवितां येईल.